हात दिसायला हवेत : नर्सिंगची प्रात्यक्षिके आणि व्हिडिओ

नर्सिंग कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये कॅथेटरायझेशनचे, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात नळी घालण्याचे, प्रात्यक्षिक चालू असते तेव्हा मॅनिकिनच्या (सरावाच्या पुतळ्याच्या) खाटेभोवती जमलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुढच्या चार-पाच जणांनाच ते खरोखर दिसते. मागच्यांच्या वाट्याला पुढच्यांचे खांदे, शिक्षिकेची पाठ आणि अधूनमधून वर उचललेला किडनी ट्रे येतो. पुस्तकातल्या पायऱ्या त्यांना पाठ असतात आणि शिक्षिकेचे बोलणेही ऐकू येत असते, त्यामुळे माना डोलत राहतात. पण निर्जंतुक हाताने नळी कोणत्या बोटांत धरली, आणि डावा हात एकदा जिथे ठेवला तिथून शेवटपर्यंत हलला की नाही, हे त्यांनी पाहिलेलेच नसते. आमच्या कॉलेजात मी व्हिडिओचा वापर सुरू केला तो मुळात या एका अडचणीपायी. पुढे त्याचे इतर उपयोग लक्षात आले, काही मर्यादाही कळल्या, आणि आज माझे मत असे झाले आहे की शिक्षिकेचे हात विद्यार्थ्याला दाखवणे हा व्हिडिओचा दुय्यम उपयोग आहे. विद्यार्थ्याला स्वतःचेच हात दाखवणे हा खरा.

भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये लागू केलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात सत्रपद्धती आली, स्किल लॅबसाठी वेगळे तास नेमून दिले गेले आणि प्रात्यक्षिक परीक्षेत ‘ऑस्की’ला (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) जागा मिळाली. रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डंडी येथे 1975 च्या सुमारास मांडलेल्या या परीक्षापद्धतीत विद्यार्थी एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी परीक्षक ठरलेल्या यादीनुसार त्याची कृती तपासतो. कृती यादीनुसार तपासली जाणार असेल तर ती शिकवतानाही प्रत्येक पायरी प्रत्येकाला दिसायला हवी, ही अपेक्षा ओघानेच आली. अर्थात वर्गाची संख्या, ट्यूटरची संख्या आणि मॅनिकिनची संख्या यांचे गणित त्यामुळे बदलले नाही.

यूट्यूबवर अशा प्रोसिजरचे हवे तेवढे व्हिडिओ असताना स्वतः कशाला चित्रीकरण करायचे, असा प्रश्न सहकारी नेहमी विचारतात. परदेशी व्हिडिओंतले बरेचसे उत्तम असतात, पण त्यांतले साहित्य आपल्या वॉर्डातले नसते. तिथली परिचारिका एकच सीलबंद संच फाडते आणि त्यात ड्रेप (निर्जंतुक कापड), हातमोजे, जेली, नळी आणि ती मूत्राशयात अडकवून ठेवणाऱ्या फुग्यासाठी पाण्याने भरलेली सिरिंज असे सगळे क्रमाने लावलेले असते. आपल्या विद्यार्थिनीला मात्र ऑटोक्लेव्ह केलेल्या (वाफेने निर्जंतुक केलेल्या) ड्रममधून चीटल फोर्सेप्सने, म्हणजे लांब चिमट्याने, एकेक वस्तू ट्रेमध्ये घ्यायची असते, ड्रमचे झाकण किती उघडायचे आणि कोणत्या बाजूने हे सांभाळायचे असते, नळीचे पाकीट दुसऱ्या कुणाला तरी उघडून द्यायला सांगायचे असते, आणि रात्रपाळीत तो ‘दुसरा कुणीतरी’ बहुधा रुग्णाचा नातेवाईकच असतो. निर्जंतुकता मोडण्याचे प्रसंग नेमके या उसनवारीच्या क्षणी येतात आणि परदेशी व्हिडिओत हे क्षण मुळातच नाहीत. औषधांच्या नावांचाही गोंधळ होतो. पॅरासिटामॉलला अमेरिकी व्हिडिओत अॅसिटअमिनोफेन म्हटलेले ऐकून पहिल्या वर्षाचे विद्यार्थी ते वेगळेच औषध समजतात. म्हणून ज्या ट्रेवर विद्यार्थी उद्या काम करणार आहे, तोच ट्रे व्हिडिओत दिसावा, असा माझा आग्रह असतो.

चित्रीकरणासाठी महागडी सामग्री लागत नाही. साधा मोबाईल आणि तो घट्ट धरून ठेवणारा स्टँड पुरतो. खरा प्रश्न असतो तो कॅमेरा कुठे ठेवायचा हा. सवयीने आपण तो समोर ठेवतो आणि मग पाहणाऱ्याला उजवा हात डावीकडे दिसतो. नळी धरलेला हात कोणता आणि त्वचा ताणून धरलेला कोणता, हे तो मनातल्या मनात उलटवत बसतो आणि तेवढ्यात पुढची पायरी निघून जाते. कॅमेरा प्रोसिजर करणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागून, थोडा वरून लावला की दृश्य करणाऱ्याच्या डोळ्यांचे होते. लोगन फिओरेला आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्युत मंडल जोडायला शिकणाऱ्यांना करणाऱ्याच्या नजरेतून घेतलेला व्हिडिओ समोरून घेतलेल्या व्हिडिओपेक्षा अधिक उपयोगी पडला होता. ते काम नर्सिंगचे नव्हते, पण दोन हातांनी क्रमाने करायच्या कामाला तो निष्कर्ष लागू पडावा असे माझे निरीक्षण सांगते. दुसरी एक बारीकशी गोष्ट म्हणजे पांढऱ्या चादरीवर पांढरे हातमोजे घेऊन चित्रीकरण केले तर मोबाईल सगळेच उजळ करून टाकतो आणि बोटे चादरीत विरघळून जातात. खाली हिरवा ड्रेप अंथरला की प्रत्येक बोट वेगळे दिसते. छताचा पंखाही बंद ठेवावा लागतो, हे मे महिन्यात स्किल लॅबमध्ये उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

काही कृतींत तर व्हिडिओ प्रत्यक्ष प्रात्यक्षिकापेक्षाही अधिक दाखवतो. शिरेत कॅन्युला (सुईवर बसवलेली प्लास्टिकची बारीक नळी) घालताना सुईमागच्या छोट्या कप्प्यात रक्त दिसते तो क्षण घ्या. खाटेपासून दोन हात लांब उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला तो दिसणे शक्यच नसते, आणि नवख्याच्या चुका नेमक्या तिथेच होतात. रक्त दिसले की एक जण उत्साहाने सुई तशीच पुढे रेटतो आणि शीर पलीकडून फोडतो, तर दुसरा घाईने सुई मागे ओढतो आणि प्लास्टिकची नळी शिरेबाहेरच राहते. रक्त दिसल्यावर सुईचा कोन कमी करायचा, अगदी थोडे पुढे जायचे, म्हणजे नळीचे टोकही शिरेत येते, आणि मग सुई स्थिर धरून फक्त नळी पुढे सरकवायची, हा क्रम सांगून कळत नाही. कॅमेरा जवळ नेऊन, वेग निम्मा करून तो दाखवला की विद्यार्थी स्वतःहून म्हणतात, ‘मॅडम, परत एकदा लावा.’ हा ‘परत एकदा’ जिवंत रुग्णावर कधीच मिळत नाही.

रक्तदाब शिकवताना अडचण दिसण्याची नसून ऐकण्याची असते. निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये वर्णन केलेले ते ध्वनी प्रत्येक विद्यार्थी आपापल्या स्टेथोस्कोपमधून एकटाच ऐकतो, आणि त्याने जे ऐकले ते बरोबर होते की नाही हे शिक्षकाला कळायला मार्ग नसतो. आम्ही स्टेथोस्कोपच्या नळीत कॉलरला लावायचा छोटा माईक बसवून तो आवाज ध्वनिमुद्रित केला आणि दाबमापकाच्या काट्याच्या चित्रीकरणाला जोडला. आता सगळा वर्ग एकच काटा पाहतो, एकच आवाज ऐकतो आणि प्रत्येक जण पहिल्या ठोक्याचा व आवाज थांबल्याचा आकडा कागदावर लिहितो. आकडे ताडून पाहिले की मजा येते. काही जण काट्याच्या थरथरण्याला सिस्टॉलिक (वरचा रक्तदाब) समजतात, काहींना शेवटचे मंद ठोके ऐकूच येत नाहीत, आणि काहींनी सरळ शेजारच्याचे पाहून 120/80 लिहिलेले असते. हवा सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर इतक्या सावकाश सोडायची म्हणजे किती सावकाश, हेही त्यांना त्या काट्यावरून प्रथमच उमगते.

लांबीच्या बाबतीत मी आता कडक झाले आहे. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ‘एडेक्स’च्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतले लाखो प्रेक्षणप्रसंग तपासून असे दाखवले की सहा मिनिटांपुढे व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थ्यांचे लक्ष त्या मानाने लांबत नाही. कॅथेटरायझेशन एका दमात दाखवायचे तर पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. म्हणून साहित्य व ट्रे, रुग्णाची तयारी, हातमोजे व ड्रेप, स्वच्छता व नळी घालणे, फुगा व पिशवी जोडणे, आणि नोंद असे त्याचे तुकडे करावे लागतात. पुरुष रुग्णात लघवी दिसल्यावरही नळी पुढे सरकवून, तिच्या बाहेरच्या टोकाच्या फाट्यापर्यंत आत घेतल्याखेरीज फुगा फुगवायचा नाही, या एकाच गोष्टीसाठी मी वेगळी मिनिटभराची क्लिप ठेवली आहे, कारण फुगा मूत्रमार्गात फुगवला गेला तर होणारी इजा रुग्णाला दीर्घकाळ भोगावी लागते. पार्श्वसंगीत अजिबात नको. विद्यार्थी दुसऱ्या कुणाच्या क्लिपला संगीत जोडून ती स्टेटसवर ठेवतात तो त्यांचा प्रश्न. शिकवण्याच्या क्लिपमध्ये हातमोज्याचा कागद उलगडल्याचा आवाजसुद्धा माहिती असतो. आणि हो, ही पिढी सगळे काही दीडपट-दुप्पट वेगाने पाहते. हातांच्या हालचाली दुप्पट वेगाने पाहून त्याच वेगाने त्या करू पाहणारा विद्यार्थी लगेच ओळखू येतो.

निवेदन मराठीत असावे की इंग्रजीत यावर स्टाफ रूममध्ये पुष्कळ वाद झाला. परीक्षा इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत, पुढे नोकरीसाठी केरळ-दिल्लीकडच्या सहकाऱ्यांबरोबर काम करायचे, हे सगळे मान्य करूनही मी मराठीच्या बाजूने आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुली जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या असतात. बारावीला विज्ञान इंग्रजीत शिकल्या तरी हाताला सूचना इंग्रजीत घ्यायची सवय नसते. म्हणून बोलणे मराठीत आणि पडद्यावर त्या क्षणी लागणारी तेवढीच इंग्रजी संज्ञा, अशी आम्ही तडजोड केली. बोललेले वाक्यच्या वाक्य खाली लिहून दाखवले तर डोळे वाक्यावर जातात आणि हात निसटतात.

आता शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉडनी पेटन यांनी 1998 मध्ये मांडलेली चार टप्प्यांची पद्धत वैद्यकीय शिक्षणात सर्वपरिचित आहे. शिक्षक आधी न बोलता नेहमीच्या वेगाने कृती करून दाखवतो, मग तीच कृती तोडून समजावत करतो, तिसऱ्या वेळी विद्यार्थी पायऱ्या सांगतो आणि शिक्षक त्याप्रमाणे करतो, आणि चौथ्या वेळी विद्यार्थी स्वतः करतो. पहिले दोन टप्पे व्हिडिओवर उत्तम होतात आणि त्यात शिक्षकाचा घसाही वाचतो. तिसऱ्या टप्प्यासाठी आम्ही काढलेली युक्ती साधी आहे: तीच क्लिप आवाज बंद करून लावायची आणि विद्यार्थ्याने तिचे धावते समालोचन करायचे, पण हात पडद्यावर जे करतील त्याच्या आधी. ‘आता ती जेली लावणार’ हे जेली लागल्यावर म्हटले तर गुण नाही. ज्याला पायरी ठाऊक नसते तो इथे लगेच अडखळतो आणि ते त्याला स्वतःलाच आधी कळते.

चौथ्या टप्प्याला मात्र व्हिडिओ पर्याय नाही, आणि इथे सावध राहायला हवे. मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी 2018 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केले. टेबलावरची भांडी न हलवता खालचे कापड झटक्यात ओढून घेण्याची करामत, फलकावर नेम धरून डार्ट फेकणे, अशा गोष्टींचे व्हिडिओ काहींना एकदा आणि काहींना 20 वेळा दाखवले. अनेक वेळा पाहणाऱ्यांचा आत्मविश्वास चांगलाच वाढला, प्रत्यक्ष कामगिरी मात्र वाढली नाही. याच संशोधनातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हवेत झेलायच्या दांड्यांचा व्हिडिओ पाहिल्यावर ज्यांना त्या दांड्या केवळ हातात धरायला दिल्या, त्यांचा फुगलेला आत्मविश्वास तेवढ्यानेच उतरला. हे वाचल्यापासून माझ्या वर्गात क्लिप लागते तेव्हा प्रत्येकीच्या पुढ्यात ते साहित्य ठेवलेले असते. नळी हातात घेतल्यावर ती किती लवचिक आहे, जेली लावल्यावर किती निसटते, हे पाहताना नव्हे तर धरताना कळते. लॉकडाउनच्या काळात घरी बसून क्लिप पाहून आलेल्या मुली स्किल लॅबमध्ये आल्या तेव्हा पायऱ्या घडाघडा म्हणत होत्या आणि हात मात्र फोर्सेप्स धरायलाही बिचकत होते. तो दोष त्यांचा नव्हता.

यावर मला सापडलेला सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे कॅमेरा उलट फिरवणे. विद्यार्थी कृती करतो, जोडीदार खांद्यामागून चित्रीकरण करतो, आणि मग विद्यार्थी आधी एकटा बसून यादी हातात घेऊन स्वतःला गुण देतो. त्यानंतर जोडीदार, आणि सर्वांत शेवटी मी. हा क्रम महत्त्वाचा आहे. शिक्षकाने आधी चूक दाखवली की विद्यार्थी बचावात जातो. स्वतः आधी पाहिले की बचाव करायला समोर कुणी नसते.

निर्जंतुक हातमोजे घालण्याचे उदाहरण देते. पहिला मोजा उघड्या हाताने दुमडलेल्या कडेच्या आतल्या बाजूला धरून घालायचा असतो. दुसरा घालताना मोजा घातलेली बोटे दुसऱ्या मोज्याच्या दुमडीखाली सरकवायची आणि अंगठा बाजूला, उंच ताणून ठेवायचा, कारण तो आत वळला की दुसऱ्या हाताच्या उघड्या मनगटाला लागतो. दुसऱ्या वर्षातल्या एका हुशार मुलीला मी हे होताना पाहिले आणि तसे सांगितले. ती नम्रपणे पण ठाम म्हणाली, ‘नाही मॅडम, लागला नाही.’ ती खोटे बोलत नव्हती. तिचे लक्ष आत जाणाऱ्या बोटांकडे होते आणि मोज्यातून मनगटाचा स्पर्श जाणवतही नाही. क्लिप तिच्याकडे दिली. तिने ती एकदा पाहिली, मागे नेली, पुन्हा पाहिली आणि थांबवली. पडद्यावर अंगठ्याचे टोक मनगटावर स्पष्ट टेकलेले होते. मी काही बोलण्याआधीच तिने पुढचा भाग सुरू केला आणि म्हणाली, ‘मॅडम, त्याच हाताने मी ड्रेप पण उघडला. आणि गॉज पण घेतले.’ एक स्पर्श पुढे कुठकुठे पोचतो, हे मला व्याख्यानात अर्धा तास सांगूनही तिच्यापर्यंत पोचवता आले नसते.

याची किंमत वेळेत मोजावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाची पूर्ण प्रोसिजर पाहायची म्हटले तर ट्यूटरने घरी जायचेच नाही. म्हणून मी प्रत्येक कृतीतला एकच निर्णायक तुकडा, दोन मिनिटांच्या आतला, चित्रित करायला सांगते. हातमोजे हा त्यांपैकी एक, कॅन्युलातला रक्त दिसण्याचा क्षण दुसरा. बाकीचे समोर उभे राहून पाहायचे.

खासगीपणाबद्दल आमचे नियम थोडके आणि न वाकणारे आहेत. वॉर्डात चित्रीकरण नाही, रुग्णाची संमती मिळत असली तरी नाही, कारण सरकारी रुग्णालयात खाटेवर पडलेला माणूस गणवेशातल्या कुणालाही ‘नाही’ म्हणत नाही आणि अशा होकाराला मी संमती मानत नाही. सर्व चित्रीकरण मॅनिकिनवर. रक्तदाब किंवा नाडीसारख्या गोष्टी आमच्यापैकीच कुणाच्या तरी हातावर. विद्यार्थ्यांच्या क्लिपमध्ये कोपरापर्यंतचेच हात येतात, चेहरा येत नाही. चुका करतानाची आपली क्लिप हॉस्टेलच्या ग्रुपवर फिरेल, या भीतीने मुली सुरुवातीला चित्रीकरणालाच तयार नव्हत्या. चेहरा वगळला आणि क्लिप कॉलेजच्याच मोबाईलवर घेऊन गुण नोंदवल्यावर खोडायची असे ठरले, तेव्हा हा विरोध मावळला.

हातांना जाणवणारा अवरोध व्हिडिओत येत नाही, हे उघड आहे. म्हाताऱ्या माणसाची सुईखालून निसटणारी शीर किंवा प्रोस्टेट वाढलेल्या बाबांच्या बाबतीत अडलेली नळी हातालाच शिकावी लागते, आणि तेही अनुभवी सिस्टरच्या शेजारी उभे राहून.

सध्या मला सतावणारी गोष्ट निराळीच आहे. क्लिप जुन्या होतात, पण नाहीशा होत नाहीत. हृदयक्रिया बंद पडल्यावर आधी श्वसनमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब हा क्रम 2010 मध्ये बदलून प्रौढांसाठी छातीवर दाब आधी आला. राइल्स ट्यूब (नाकातून जठरात घालायची नळी) जठरात गेली की नाही हे हवा सोडून स्टेथोस्कोपने ऐकून ठरवण्याची रीत ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने 2005 मध्येच अविश्वसनीय ठरवली आणि जठररसाचा सामू (पीएच) किंवा क्ष-किरण तपासणी सांगितली. लस टोचताना सिरिंज मागे ओढून रक्त येते का पाहण्याची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या रीतीच्या क्लिप मात्र सिनियरकडून ज्युनियरकडे व्हॉट्सअॅपवर अजूनही फिरत आहेत, आणि त्यांतले हात अतिशय सफाईदार असल्यामुळे विद्यार्थ्यांचा त्यांच्यावर विश्वासही बसतो. आम्ही आता प्रत्येक क्लिपच्या पहिल्या चौकटीत महिना, वर्ष आणि पुन्हा तपासण्याची तारीख टाकतो. या सत्रात राइल्स ट्यूबची क्लिप नव्याने घ्यायची आहे. वॉर्डात सामू तपासण्याच्या पट्ट्या बहुतेक वेळा नसतात, तेव्हा पट्टी नसताना काय करायचे, फीड थांबवून डॉक्टरांना केव्हा कळवायचे आणि क्ष-किरण केव्हा मागायचा, हेही त्याच क्लिपमध्ये दाखवावे की वेगळे ठेवावे यावर आमचा अजून निर्णय झालेला नाही.